पपया कोणासाठी आणल्या

अकोला, श्रावण शुद्ध द्वादशी, शके १७८६

खुशालदादा,

माझं सगळं फिरलं तो क्षण मला बोट ठेवून दाखवता येतो. नागपंचमीची सकाळ. घरातल्या बायका वारुळाला निघालेल्या, आणि मी तुमच्या गोठ्यातल्या कोनाड्यात दोन पपया ठेवून, मागं न बघता, बाहेरच्या खोलीत पळालो. पुण्याला कॉलेजात जायला निघालो तो क्षण नव्हे, कॉलेज अर्ध्यात सोडून गाडीत बसलो तोही नव्हे. पपया ठेवल्या तो.

तुम्ही जेठात मुंबईला निघताना म्हणाले होते, "चंद्रभान, अर्ध्यातून पळणाऱ्याशी मी बोलत नाही. काही सांगायचं असेल तर लिही. बाहेरच्या खोलीत राहा, माझ्या आईची पत्रं लिही, आलेली वाचून दाखव." मी नात्याचा नाही, नुसता तुमच्या पैशानं शिकलेला, तरी तुमच्या रागातही घराची सोय असते. म्हणून लिहितो, आणि आज खरं लिहितो.

आषाढात मी ज्या बातमीचे पेढे कागदावर वाटले होते ती बातमी संपली. सप्तमीला दुर्गावहिनीचं पोट गेलं. चौथा महिना होता. माणिकबाई सुईण वेळेवर आली. वहिनींच्या जिवाला धोका नाही. चार दिवसांचा विटाळ पाळला आणि काल त्यांना गाडीत बसवून बार्शीटाकळीला माहेरी पाठवलं. पाठवलं म्हणजे आईनं पाठवलं, पुन्हा आणायची बोली न करता.

कारण असं की अष्टमीला आईला उकिरड्यावर अर्धवट खाल्लेल्या कच्च्या पपया सापडल्या.

मग आई माझ्या खोलीत आली, उंबरठ्यावर बसली आणि म्हणाली, "लिही. का तुह्या बायकोनं कच्ची पपई खाऊन तुह्या वंशाचा दिवा इझवला. जात्यावर बसून तुह्या बहिनीले, सुभद्रेले सांगत होती, आत्ता नको होतं व बाई. म्या ह्या कानानं आयकलं. लिही का पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नत्थुजीच्या अंगणात जातीचे पंच बसून राहिले. तिनं पाडलं असं ठरलं का काडीमोड. मूर्तिजापूरची पोरगी म्या पाहून ठेवली. लिहिलं?"

"लिहिलं," मी म्हणालो.

"वाच."

तिनं सांगितलं ते मी शब्दाला शब्द म्हणून दाखवलं. कागदावर मात्र मी 'इकडे सर्व क्षेम' एवढंच लिहिलं होतं. तोच हा कागद. वरची खोडलेली ओळ दिसते ती हीच. ती खोडून पुढचं लिहितो आहे, कारण क्षेम नाही.

पपया मी आणल्या. अमरावतीला माझ्या बाबांना भेटायला गेलो होतो, येताना सत्यवती माळणीच्या वाडीतून आणल्या. घरच्यांसाठी. सहज. ती म्हणाली होती, चार दिवस गवताच्या अढीत घाल, मग पिकतील. माझ्याच्यानं चार दिवस थांबणं झालं नाही. थांबणं मला जमत नाही हे तुम्हाला कॉलेजवरून ठाऊक आहे.

वहिनींनी पपई खाल्ली यावर माझा विश्वास नाही. पुरावा माझ्याजवळ काही नाही, पण विश्वास फार आहे. माझं पुढचं पत्र येईपर्यंत आईला काही कळवू नका. कळवलं तरी वाचून मीच दाखवणार, हे ध्यानात असू द्या.

आपला,
चंद्रभान

*

अकोला, श्रावण वद्य तृतीया

खुशालदादा,

मी वहिनींची बाजू लढवायला घेतली आहे. कॉलेजच्या वादसभेत मला कोणी हरवू शकत नसे, हे मी तुम्हाला पूर्वी लिहिलं होतं. ते खरं होतं. परवा भटजींच्या ओट्यावर काय झालं तेही खरंच लिहितो.

मी विचारलं, "भटजी, गर्भ आपोआप गळाला तर पाप कोणाचं?"

ते कुशाची अंगठी वळत होते. म्हणाले, "कोणाचंच नाही. जितके महिने तितके दिवस विटाळ. चार महिने, चार दिवस. झालं."

"आणि मुद्दाम पाडला तर?"

"तर जीव घेतला. त्याला प्रायश्चित्त आहे. शिवाय हल्ली कचेरीतला कारकून सांगतो, नव्या कायद्यात पाडणाऱ्याला तुरुंग आहे, अन् बाईनं आपल्या हातानं पाडलं तर तिलाही आहे."

"मग मुद्दाम की आपोआप, हे ठरवायचं कोणी?"

"देवानं. मला ते कळत नाही. म्हणून मी दोन्ही घरी तोच मंत्र म्हणतो."

इथं मी थांबायला हवं होतं. बाजू जिंकली होती. पण मला वाटलं, एवढ्यावर कसं सोडायचं. मी म्हणालो, देवाला कळतं तर माणसानं हेतू तपासलाच पाहिजे. वहिनी 'नको होतं' म्हणाल्या, म्हणजे हेतू निघतो. पपया उकिरड्यावर निघाल्या, म्हणजे साधन निघतं. सप्तमीला पोट गेलं, म्हणजे परिणाम निघतो. हेतू, साधन, परिणाम तिन्ही जुळले. असं सिद्ध करत मी ओट्याच्या कडेपर्यंत आलो आणि माझ्या ध्यानात आलं की वहिनींना मीच तुरुंगात टाकलं आहे.

भटजींनी हातातला कुश खाली ठेवला. "चंद्रभानजी," ते म्हणाले, "तुम्ही नक्की कोणाकडून आहात?"

मी तापलो. म्हणालो, तुमचं शास्त्र मोघम आहे. ते म्हणाले, "मनात आलं म्हणजे हातून झालं, असं शास्त्रात कुठं नाही. तसं असतं तर तुम्ही मला आत्ता दोनदा मारलं आहे. जा घरी." मी आलो.

मग माणिकबाईकडे गेलो. ती दारात बसून एरंडाच्या बिया सोलत होती. तुम्हाला हातात घेणारी पहिली तीच. मी म्हणालो, "माणिकबाई, पंचांपुढं एवढंच सांगायचं की पोट आपोआप गेलं."

"मले काय म्हाईत आपोआप गेलं का नाई?"

"तुम्ही होत्या ना तिथं?"

"होती. रगत पाहिलं. रगतावर लिहून येते का, का मी आपोआप आलो म्हणून?" तिनं बियांचं सूप बाजूला सारलं. "आयक बापू. माह्या हातानं ह्या गावात तीनशेक लेकरं आली. जी आली नाई ती कोणी मोजली नाई. बहुतेक आपल्यापायी गेली. काही बायांनी पाडलीबी. एकीले सहा पोरं अन् दुखनं. एकीचं सांगन्यासारखं नव्हतं. एकजन आली, मी म्हनलं, मी असं काम करत नाई, जाय. ती गेली. दुसऱ्या दिवशी विहिरीतून काढली. आता सांग, तिथं पाप कोनाचं? तिचं, का माह्यं, का ज्याचं नाव ती घेत नव्हती त्याचं?"



"मग मी कोणाची बाजू घेऊ?" मी विचारलं.

"तू आधी जेवला का?" ती म्हणाली.

दादा, पपया घरच्यांसाठी आणल्या असं मी लिहिलं होतं. त्यात थोडा फरक आहे. घरच्यांपैकी एकासाठी आणल्या होत्या. कोणासाठी हे महत्त्वाचं नाही.

चंद्रभान

*

अकोला, श्रावण वद्य एकादशी

खुशालदादा,

तुमचं पत्र पोचलं. एवढ्या मोठ्या कागदावर तीन शब्द: 'पपया कोणासाठी आणल्या'. खाली नावसुद्धा नाही. मुंबईला हल्ली लोक शेअरच्या कागदांवर घरंदारं लिहून देतात म्हणे, आणि तुम्ही एका कोऱ्या कागदावर माझा जीव मागितला.

आई विचारत होती, "काय लिहिते खुशाल?" मी म्हणालो, "पिकाची चौकशी आहे." फळ हेही पीकच.

सांगतो. तुम्ही आत्ता उभे असाल तर बसा.

मागच्या दिवाळीत पुण्याहून येताना तुमच्याकडे चार दिवस उतरलो होतो. सुभद्रा अंगणात रेच्यावर कापूस वटून सरकी काढत बसली होती. मी म्हणालो, मला पण जमेल. तिनं जागा दिली. मी कापसाबरोबर बोटही रेच्यात घातलं. तिनं बोट सोडवलं, चुना लावला आणि म्हणाली, "पुण्यात शिकून हे आणलं का?" झालं. कॉलेज तिथंच सुटलं, मी नंतर नुसता जाऊन माझी ट्रंक घेऊन आलो. पुण्याची हवा मानवली नाही असं मी सगळ्यांना सांगितलं, ते खोटं होतं. हवेचा काही दोष नाही.

त्या वेळीच ती म्हणाली होती की अमरावतीची पपई साखरेसारखी असते म्हणतात, आपल्याला कुठली मिळायला. ते वाक्य मी नऊ महिने सांभाळलं.

ती तुमची बहीण आहे. नऊ वर्षांची असताना लग्न झालं, अकराव्या वर्षी कपाळ पांढरं होऊन घरी आली. आपल्यात विधवेचा पाट लागतो. माझी नजर वाईट नाही. दूध काढायला गोठ्यात तीच जाते म्हणून पपया गोठ्यात ठेवल्या. आता चिडायचं ते चिडून घ्या, मग पुढचं वाचा, कारण खरी अडचण पुढं आहे.

तुमचं पत्र आलं त्याच दुपारी मी विहिरीवर तिला गाठलं. म्हणालो, "मी पंचांपुढं सांगतो, पपया मी सुभद्रेसाठी आणल्या, वहिनींचा संबंध नाही."

तिनं घागर खाली ठेवली. "सांगा. मोठ्यानं सांगा. एका जवान पोट्ट्यानं एका रांडमुंड बाईले गुपचूप कच्ची पपई आणून दिली. काहून दिली असन, हे लोकाईले इचारायचीबी गरज नाई."

मी खरोखर त्या क्षणापर्यंत हा विचार केला नव्हता.

"कॉलेजात पपई शिकवत नाई का?" ती म्हणाली.

"पिकायची होती," मी म्हणालो.

"मले कोनाड्यात दिसली तवा माह्या पायाखालची जमीन गेली. आईनं पाहिली असती त दुसऱ्या सकाळी मी गावाबाहेर असती. म्हनून म्या दोन्ही उचलल्या अन् काजळीच्या पुढं फेकल्या."

काजळी म्हणजे तुमची म्हैस, गाभण होती. तिनं दोन्ही पपया चावल्या, निम्म्या गिळल्या, उरलेल्या शेणाबरोबर उकिरड्यावर गेल्या. आईला सापडल्या त्या ह्या.

"म्हणजे वहिनींनी हातसुद्धा लावला नाही," मी म्हणालो. "मग तू आईला सांगितलं का नाही?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "कशी सांगू? सांगितलं का इचारते, पपया आल्या कुठून. वयनीले गाडीत बसवलं तवा म्या सगळं तोंडापोतर आणलं होतं. गाडी गेली. मी उभीच." मग घागर डोक्यावर घेऊन म्हणाली, "पंधरा दिवस झाले, भाकर उतरत नाई. अन् तुमी तिकडे भटजीसंग वाद जिंकून राहिले."

तर दादा, असं आहे. बोललो तर वहिनी सुटतात आणि सुभद्रेवर बट्टा लागतो. गप्प राहिलो तर उलट. पंच बसायला पाच दिवस आहेत. तुम्ही काय ते लगेच लिहा. ह्या खेपेला तीनपेक्षा जास्त शब्द चालतील.

चंद्रभान

*

अकोला, भाद्रपद शुद्ध द्वितीया

खुशालदादा,

तुमचं उत्तर आलं नाही. मी वाट पाहिली. पूर्ण पाच दिवस पाहिली, म्हणजे माझ्या हिशेबानं वर्षभर.

काल नत्थुजींच्या अंगणात पंच बसले. पोळ्याचे रंग अजून बैलांच्या शिंगांवर होते. आई सगळ्यात पुढं. तिच्या मांडीवर गाडगं, गाडग्यात राख, आणि राखेत सुकवलेले पपईचे ते तुकडे. सुपारी ठेवतात तसे तिनं ते पंचांपुढं ठेवले.

मी उठलो. पाठ केलेलं भाषण होतं, तीन मुद्द्यांचं. तोंडातून निघालं ते असं: "पपया मी आणल्या. सुभद्रेसाठी आणल्या. पिकलेल्या समजून आणल्या. मला तिच्याशी पाट लावायचा आहे आणि मला पपईतलं काही कळत नाही."

आई माझ्याकडे अशी पाहत होती, जणू म्हणते आहे, ह्या पोराच्या हातानं मी इतके दिवस पत्रं लिहवून घेतली!

नत्थुजी म्हणाले, "पिकलेल्या समजून?"

"हो."

"हिरव्या होत्या का पिवळ्या?"

"हिरव्या."

"टणक का मऊ?"

"टणक."

"मंग कशावरून समजला?"

मी म्हणालो, "मोठ्या होत्या."

तेव्हा पहिल्यांदा कोणीतरी हसलं. दादा, सुभद्रेची अब्रू वाचली ती माझ्या भाषणानं नव्हे, माझ्या अडाणीपणानं. इतक्या मूर्ख माणसाच्या मनात काही काळंबेरं असेल हे पंचांना पटेनाच. तुम्ही मला शिकवायला चार वर्षं जो खर्च केला तो असा कामी आला.

मग सुभद्रा माजघराच्या दारातून पुढं आली आणि म्हणाली, "म्या त्या म्हशीले टाकल्या. वयनीनं पाह्यल्याबी नाई. म्या इतके दिवस तोंड उघडलं नाई, त्याचा काय दंड असन तो मले द्या."

आई म्हणाली, "नणंद भावजयीले वाचवून राहिली."

नत्थुजींनी राखेतला तुकडा उचलला, उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. "पार्बता, ह्या चाव्याले वरचे दात नाई."

"म्हंजे?"

"खालच्या दाताची रांग आहे. वरून नुसतं दाबलेलं. तुह्या सुनेले वरचे दात आहे ना?"

"आहेत."

"म्हशीले नसते."

मागून पुंजाराम म्हणाला, "नत्थुजीलेबी नाई. त्याईनं त खाल्ली नाई ना?"

आता सगळं अंगण हसलं, नत्थुजी सगळ्यात जास्त, तोंड उघडून, त्यामुळे पुंजारामचा मुद्दा सगळ्यांना दिसला. कोणीतरी सांगितलं की काजळी पपई खाऊन आठव्या दिवशी व्यायली आणि पारडी धडधाकट आहे. पंच उठायच्या बेतात होते. मी तर मनात तुम्हाला मेहुणे म्हणायचा सराव सुरू केला होता.

माणिकबाई भिंतीजवळ बसली होती. ती म्हणाली, "म्हशीनं खाल्ली म्हनून सून सुटली. म्हैस नसती त?"

"आता काय राह्यलं, माणिकबाई?" नत्थुजी म्हणाले.

"तुमच्या वावरात औंदा पाते किती गळले?"

कपाशीच्या कळ्यांचा विषय निघाला, मग काय विचारता. एक म्हणाला निम्मे गळले, ढगाळ होतं म्हणून. दुसरा म्हणाला अळीनं. तिसऱ्यानं शेजाऱ्याच्या नजरेला दोष दिला. नत्थुजी म्हणाले, काही नसलं तरी गळतात, झाडाला झेपतात तेवढेच ते धरतं, शंभरातले साठ जातातच, त्यांच्या आजोबाच्या वेळीही जात. अर्धी घटका पंच विसरले की आपण कशासाठी बसलो आहोत.

माणिकबाई थांबली होती. मग म्हणाली, "एकानंबी कपाशीच्या झाडाचं नाव घेतलं नाई. पराटीले कोनी पंचात उभं केलं नाई."

भटजी हळूच म्हणाले, "पण बाई, माणसाचा गर्भ म्हणजे पातं नव्हे. तो जीव आहे."

"हाव ना, जीव आहे," माणिकबाई म्हणाली. "म्हनून त ती रडून राहिली. तुमी पपई पाहून राहिले."

यावर भटजींनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

आणि मग आई. गाडगं उचलायला वाकली ती वाकलेलीच राहिली. म्हणाली, "खुशालच्या आधी माह्ये तीन गेले." हे तुम्हाला ठाऊक होतं का, दादा? मला वाटतं नव्हतं. "सासूनं मले पांढऱ्या पायाची म्हटलं. चौथ्या दिवशी वावरात निंदायले धाडलं. मले वाटलं, ह्या खेपेले तरी कारन सापडलं. कारन सापडलं का बरं वाटते." ती राखेचं गाडगं पदराखाली घेऊन एकटीच घरी गेली. मागं कोणी गेलं नाही.

पंचांनी ठरवलं ते असं. दुर्गावहिनींवर दोष नाही. महालक्ष्म्यांच्या आत त्यांना मानानं घरी आणायचं. पाटाचं तुम्ही सांगाल तसं. तोवर चंद्रभाननं त्या अंगणातल्या खोलीत राहायचं नाही, लोकांची तोंडं आहेत.

निघताना नत्थुजींनी सुभद्रेला विचारलं, "पोरी, तुह्या मनात काय आहे?"

ती म्हणाली, "आधी वयनी येऊ द्या. मंग याईले हिरवं अन् पिवळं ओळखता येते का ते पाहू."

उद्या गाडी घेऊन आम्ही बार्शीटाकळीला जातो. सुभद्रा, माणिकबाई आणि मी. हे पत्र आनंदानं पाठवतो. सर्व क्षेम, आणि ह्या खेपेला खोडत नाही.

चंद्रभान

*

अकोला, भाद्रपद शुद्ध पंचमी

खुशालदादा,

मागच्या पत्रातलं 'सर्व क्षेम' खोडायला आता माझ्याजवळ ते पत्र नाही. इथून खोडतो.

वहिनी आल्या नाहीत.

वाळल्या आहेत. ओसरीवर वाती वळत होत्या. तुमच्याच वावरातल्या, गेल्या साली माहेरी धाडलेल्या कापसाच्या. मी पंचांचा सगळा निकाल सांगितला. काजळीचे दात, नत्थुजींचे दात, पराटीचं, सगळं. मी चांगलं सांगतो. त्यांची आई हसली, भाऊ हसला. त्याही थोड्या हसल्या. सुभद्रा त्यांच्या पायाशी बसून होती. त्यांनी तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं, तिला क्षमा मागूसुद्धा दिली नाही.

मग मला म्हणाल्या, "भावजी, त्याईचं पत्र आलं ना?"

"आलं."

"माह्यं काही आहे का त्यात?"

दादा, इथं मी काय केलं ते सांगतो. तुमचं पत्र माझ्या अंगरख्यात होतं. मी ते काढलं, उघडलं आणि वाचायला लागलो. मला त्याची सवय आहे, कागदावर एक असतं, मी दुसरं वाचतो. वाचलं की, दुर्गेस सांगणे, जिवाला जप, झालं ते झालं, माझा तुझ्यावर काडीइतका संशय नाही, दिवाळीला येतो, तुझ्यासाठी मुंबईहून हिरवं लुगडं घेतलं आहे. लुगड्याचे काठसुद्धा मी वाचले.

वहिनींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग कागद हातात मागितला. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी दिला.

त्यांनी कागदावरच्या शब्दांवर एकेक करून बोट ठेवलं. "तीन शब्द आहेत," त्या म्हणाल्या. "एवढं सगळं तिनात मावलं?"

माणिकबाईनं तोंड फिरवलं. सुभद्रा जमिनीकडे पाहत होती.

"काय लिहिलं आहे ते सांगा," वहिनी म्हणाल्या. मी सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत. वात वळून तबकात ठेवली. म्हणाल्या, "म्या म्हटलं होतं, नको. जात्यावर म्हटलं होतं. हे घरी नाही, पोर होऊन त्याले कोन पाह्यन, म्हनून म्हटलं. अन् मंग गेलं तवा मले वाटलं, आपन नको म्हटलेलं त्यानं आयकलं. माह्या पोटातच होतं, त्याले सगळं आयकू येत असन. हे मले कोनाले तरी सांगाचं होतं. कोनी इचारलंच नाई. सगळे पपई कोनी खाल्ली ते इचारून राहिले. त्याईनंबी पपईचंच इचारलं."

माणिकबाई उठली, त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, "त्याले कान फुटले नव्हते व माय अजून. चौथाच होता. त्यानं काही आयकलं नाई." तेव्हा वहिनी रडल्या. पंचांच्या अंगणात आम्ही एवढे शहाणे, आणि असं साधं कोणालाच बोलता आलं नव्हतं.

निघताना त्या गाडीपर्यंत आल्या. म्हणाल्या, "म्हैस निर्दोष ठरली म्हनून मी येत नाई. ते येतीन, माह्यं इचारतीन, त येईन."

मी परत येऊन आईला सगळं खरं सांगितलं. मागच्या पत्रांचंही सांगितलं, ती काय सांगत होती आणि मी काय लिहीत होतो ते. मला वाटलं, काठी घेईल. ती उंबरठ्यावर बसून राहिली. तिच्याजवळ बाळासाठी शिवलेली लहान गोधडी होती. ती तिनं घडी करून माझ्या हातात दिली, बार्शीटाकळीला पोचती कर म्हणाली, दुर्गा ठेवीन तर ठेवीन. मग म्हणाली, "आता मी सांगतो ते लिही. माह्यंच लिही, तुह्यं नको."

"सांग, आई."

"ये."

"पुढं?"

"पुढं काही नाई. तेवढंच लिही."

लिहिलं. वाचून दाखवलं. तुमच्या घराचं मी लिहिलेलं हे पहिलं पत्र, ज्यात सांगितलेलं आणि लिहिलेलं एक आहे. त्याच्या मागच्या बाजूला हे माझं.

माझं तुम्ही नंतर ठरवा. पाटाला हो म्हणा, नाही म्हणा, शंभर शिव्या लिहा. फक्त आधी बार्शीटाकळीला जा. कापूस आणि शेअर थांबतील. थांबायचं कसं हे मी तुम्हाला सांगावं अशी माझी लायकी नाही, पण मी पाच दिवस थांबून पाहिलं, माणूस मरत नाही.

पंचांचा शब्द म्हणून मी खोली सोडतो आहे. गोधडी पोचती करून अमरावतीला बाबांकडे जाईन. सत्यवती माळणीच्या वाडीत काम मागणार आहे. ती म्हणते, पपईच्या टोकाला पिवळी रेघ येते, ती आली की चार दिवस. ती रेघ मला स्वतः बघायची आहे. दौत, टाक आणि तुमचं तीन शब्दांचं पत्र फळीवर ठेवलं आहे. सुभद्रा आत्ता गोठ्यात काजळीच्या पारडीला पाजते आहे. मी हाक मारणार नाही. किल्ली कोनाड्यात ठेवतो, तिला सापडेल.

आईचं एका शब्दाचं पत्र ह्यात घडी करतो, गोधडी काखेत घेतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

चंद्रभान